सासूबाई गोळ्या गालात धरून थुंकतात, चुरा करून वरणभातात दिल्या तर चालेल का?

अबोली:

सासूबाईंचं वय ७८. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि डिमेन्शियाची (विस्मरणाच्या आजाराची) सुरुवात. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन ५० आणि पॅन्टोप्राझोल ४० (आम्लपित्ताची), नाश्त्याच्या वेळी ग्लिमेपिराइड १ (साखरेची), नंतर टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल एक्सएल २५ (दोन्ही बीपीच्या), दुपारी कॅल्शियम, रात्री जेवणानंतर मेटफॉर्मिन एसआर १००० (साखरेची). "एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते, पोटात आग पडते" म्हणतात. गादीखाली बऱ्याच गोळ्या सापडल्या. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर चुरा करून जेवणात मिसळू का?

खलबत्ता (औषधनिर्माता):

चुऱ्याआधी गादीखालच्या गोळ्यांचं बघा. गोळ्या पोटात जातच नसतील तर साखर आणि बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात. मग एके दिवशी घरच्यांनी सगळ्या गोळ्या नीट दिल्या की बीपी धाडकन उतरतं, साखर ५०-६० वर येते. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा, कोणत्या गोळ्या किती सापडल्या ते सांगा, आणि आत्ताचे डोस जसेच्या तसे द्यायचे का ते विचारा. तीन आठवडे थांबू नका.

आता चुरा. मेटफॉर्मिन एसआर आणि मेटोप्रोलॉल एक्सएल कुटायच्या नाहीत. या गोळ्या औषध कित्येक तास थोडंथोडं सोडतात. कुटलं की सगळं एकदम सुटतं: मेटोप्रोलॉलने नाडी मंदावते, चक्कर येते, माणूस पडतो; मेटफॉर्मिनने जुलाब आणि मळमळ. पाकिटावर एसआर, एक्सएल, एक्सआर, ईआर, सीआर यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर हाच नियम. पॅन्टोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतं. ते फोडलं तर औषध पोटातच नासतं.

थायरॉक्सिनचा चुरा चमचाभर साध्या पाण्यात लगेच देता येतो. चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. दुधात नको. टेल्मिसार्टन दमट हवेत ओलावा धरते, म्हणून ती सुटी काढून आठवड्याच्या डब्यात भरू नका. पावसाळ्यात तर नाहीच. स्ट्रिपचा तुकडा कात्रीने कापून तसाच डब्यात ठेवा आणि द्यायच्या क्षणी फोडा.

"पोटात आग" ही तक्रार खरी धरा. मेटफॉर्मिन पूर्ण जेवणानंतर जातेय का, की दोन घास खाल्ल्यावर? एसआर १००० ची गोळी मोठी असते, घशात अडकते. ५०० च्या साध्या दोन गोळ्या दोन जेवणांनंतर चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी१२ तपासून घ्या; ते कमी असलं तर विस्मरणात भर पडते.

किडनीच्या भीतीवर वाद घालू नका. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, किडनी आधीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा किंवा ती बंद करावी लागते. आणि टेल्मिसार्टन मधुमेहात किडनीला जपते. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. सुनेपेक्षा डॉक्टरांचं जास्त पटतं.

शुश्रूषा (वृद्धसेवा परिचारिका):

नकार हल्लीच, दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, तोंडातले छाले आणि सैल झालेली कवळी तपासा. अशा वेळी गोंधळ वाढतो आणि सगळे तो डिमेन्शियाच्या खाती टाकतात.

गालात धरण्यामागे कोरडं तोंडही असू शकतं. खुर्चीत ताठ बसवा, पाठीला उशी. आधी दोन घोट पाणी, मग एकच गोळी जिभेच्या मधोमध, परत घोट, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून गिळायला लावू नका, ठसका लागतो. पाण्याने जमत नसेल तर चमचाभर घट्ट दह्यात अख्खी गोळी द्या (थायरॉक्सिन सोडून). मग "आ करा" म्हणून गाल आणि कवळीखाली बघा. अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. साध्या पाण्यानेही वारंवार ठसका लागत असेल तर गोळ्यांचा विषय बाजूला ठेवून गिळण्याची तपासणी करून घ्या.

"गोळी घेणार का?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. "आई, पाण्याबरोबर देऊ की ताकाबरोबर?" असं विचारा. नाही म्हणाल्या तर गोळी उचलून निघून जा आणि वीस मिनिटांनी पुन्हा या, जमल्यास दुसरं माणूस. सात गोळ्या ताटलीत एकदम दाखवू नका. संध्याकाळी चिडचिड वाढत असेल तर रात्रीचं काही सकाळी हलवता येतं का, ते विचारून घ्या.

अबोली:

डॉक्टरांशी बोलणं झालं, उद्या बोलावलंय. दोन प्रश्न राहिले. संकष्टीला त्या चंद्रोदयापर्यंत काहीच खात नाहीत, तेव्हा काय? आणि न सांगता जेवणातून देणं चुकीचं आहे का?

खलबत्ता:

संकष्टीला ग्लिमेपिराइड हाच खरा धोका. ती खाल्लं असो-नसो साखर उतरवत राहते. नियम एकच: नाश्ता नाही तर ग्लिमेपिराइड नाही. शिवाय मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम, सुस्ती, असंबद्ध बोलणं एवढंच दिसतं. तसं दिसलं तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, रुग्णालयात न्या.

मेटोप्रोलॉल मात्र उपासालाही चुकवू नका, अचानक बंद केल्यास हृदयावर ताण येतो. "औषधाने उपास मोडत नाही" हे त्या ज्यांचं ऐकतात त्या गुरुजींकडून वदवून घ्या.

उद्या हेही विचारा: ग्लिमेपिराइडऐवजी लिनाग्लिप्टिन (साखरेचंच दुसरं औषध) चालेल का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत नसेल तर ते साखर सहसा गरजेपेक्षा खाली नेत नाही. या वयात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८ च्या आसपास चालवून घेता येईल का? पॅन्टोप्राझोल आणि कॅल्शियमची अजून गरज आहे का? सातातल्या दोन कमी झाल्या तरी रोजचं भांडण हलकं होतं.

शुश्रूषा:

न सांगता देण्याबद्दल. त्यांना अजून समजतंय, कारण सांगून नकार देता येतोय, तोवर चोरून देऊ नका. पुढे समज गेल्यावर द्यावं लागलं तर डॉक्टरांच्या संमतीने, कोणती गोळी कशातून ते त्यांच्याकडून लिहून घेऊन. तेव्हाही पूर्ण वाटीत कधीच मिसळायची नाही. वाटी अर्धी राहिली की डोस किती गेला ते कळत नाही, आणि कडवट चव एकदा लागली की त्या वरणभातच सोडतील. गोळ्यांपेक्षा ते जड जाईल. पहिल्या एका चमच्यात, कोमट किंवा गार पदार्थात, आणि तो चमचा पूर्ण गिळल्यावरच बाकीचं जेवण.

घरात बोलणी अगदीच फिसकटली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.