'सुलभ नाव' म्हणजे नेमकं काय? ॲक्सेसिबिलिटीचं मराठी

काकपद
इंटरफेस डिझाइनच्या एका हस्तपुस्तिकेचं मराठी चालू आहे. 'ॲक्सेसिबल' (अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असं) म्हणजे 'सुलभ' असं सुरुवातीलाच ठरलं होतं. 'ॲक्सेसिबल नेम' येईपर्यंत ते खपलं. वाक्य असं झालं: 'केवळ चित्र असलेल्या प्रत्येक बटणाला सुलभ नाव द्यावे.' मसुदा वाचून डिझायनरने नावं सोपी करून टाकली, 'निष्कासित करा'चं 'काढा' केलं. केराच्या टोपलीचं चित्र असलेलं बटण मात्र बिननावाचंच राहिलं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) त्यावर आल्यावर नुसतं 'बटण' एवढंच बोलतो. यात डिझायनरची चूक नाही, मराठी वाक्याचा अर्थ तोच होत होता.

इथे नाव म्हणजे स्क्रीन रीडर, ब्रेल पट्टी किंवा आवाजी आज्ञा घेणारी प्रणाली ज्यावरून तो घटक ओळखते ते. ते पडद्यावर दिसेलच असं नाही. याला काय म्हणावं? आणि ओघाने, 'ॲक्सेसिबिलिटी'ला काय म्हणावं?

जोडाक्षर
'सुलभ' मुळातच चुकतो. विरुद्धार्थी लावून पाहा. लभ् म्हणजे मिळणं, म्हणून सुलभच्या उलट दुर्लभ. ज्या बटणापर्यंत कळफलकाने पोचता येत नाही ते दुर्लभ नसतं, चांगलं डोळ्यांसमोर असतं. ते दुर्गम असतं. तेव्हा शब्द हवा 'सुगम'.

'करायला सोपं, करायला अवघड' या अर्थाचे शब्द घडवणारा पाणिनीचा नियमच आहे (३.३.१२६). सुकर-दुष्कर, सुलभ-दुर्लभ, सुगम-दुर्गम या जोड्या त्याच साच्यातल्या. 'जाता येण्याजोगं' हा अर्थ 'सुगम'मध्ये आधीच असल्यामुळे 'सुगम्य'मधला य मला अनावश्यक वाटतो. २०१५ च्या 'सुगम्य भारत अभियाना'पासून तो सरकारी कागदांत रुळला, एवढंच.

कानामात्रा
असहमत. मराठी वाचणाऱ्याला 'सुगम' म्हटलं की पुढे 'संगीत'च ऐकू येतं. धातूचा अर्थ वाचकाच्या डोक्यात नसतो, वापरातला अर्थ असतो. 'सुलभ'चा वापरातला अर्थ 'सोपं' हा आहे, 'सहज मिळणारं' नव्हे, आणि 'सुलभ हप्ते' म्हणताना लभ् धातू कोणाला आठवत नाही. लोक 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणतात, तेच लिहावं. 'बटण' कुठे संस्कृत आहे?

आडवी रेघ
'सुलभ'वर माझा आक्षेप वेगळा आहे. तो शब्द 'युजेबिलिटी'साठी अडकलेला आहे: वापरसुलभता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काम चुकतं. एखाद्या अर्जात तीनच रकाने आहेत, मजकूर स्वच्छ आहे, पण तारीख निवडायचं कॅलेंडर फक्त माउसने उघडतं. हा अर्ज माउसवाल्याला अतिशय सोपा आहे आणि कळफलकावर काम करणाऱ्याला पूर्ण बंद. 'सुलभ आहे का?' असं विचारलं तर तपासणारा 'हो' म्हणून मोकळा होईल.

नेहमीचा दोष सांगतो. बटणाचा मूळ टॅग न वापरता 'डिव्ह'ला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकोनाला, क्लिक जोडतात. मग त्याच्यावर टॅब थांबत नाही, म्हणून टॅबइंडेक्स शून्य द्यावा लागतो. स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळत नाही, म्हणून रोल (भूमिका) द्यावा लागतो. एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांची दखल वेगळी घ्यावी लागते, त्यातली स्पेस हमखास विसरली जाते आणि दाबल्यावर पान खाली सरकतं. मूळ 'बटन' टॅगमध्ये हे सगळं फुकट मिळतं. याला 'सोपं करणं' म्हणता येणार नाही. दार उघडं ठेवणं म्हणता येईल.

उंबरठा
दाराचा विषय निघालाच आहे तर 'अडसर' घ्या ना. अडसर म्हणजे दाराला आडवा घालायचा दांडा. तो घरातला माणूस घालतो, बाहेर उभा असलेला नव्हे. 'सुगम', 'सुलभ' हे दोन्ही शब्द वापरणाऱ्याच्या श्रमांबद्दल बोलतात, त्याला जाणं सोपं की कठीण, मिळणं सोपं की कठीण. 'विनाअडसर' म्हटलं की दोष बनवणाऱ्याकडे जातो, आणि तो तिथेच असतो. फोकसची चौकट कुरूप दिसते म्हणून शैलीपत्रकात 'आउटलाइन: नन' लिहिलं की कळफलकावरच्या माणसाला आपण पानावर कुठे आहोत हे कळेनासं होतं. ती एक ओळ कोणीतरी हाताने घातलेली असते. ती काढा, किंवा तिच्या जागी स्वतःची ठळक चौकट द्या.

जोडाक्षर
विशेषण म्हणून चालेल, पण नाम काय करणार? 'विनाअडसरता'? आणि गम् नुसता पायांनी जाण्यापुरता नाही. गत्यर्थक धातू ज्ञानार्थकही असतात असं वैयाकरण मानतात, 'अवगत' त्यातूनच आला. पोचणं आणि कळणं हे दोन्ही 'सुगम'मध्ये बसतं.

काकपद
नाम लागणारच आहे. शिवाय वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे (डब्ल्यूसीएजी) चार आधारस्तंभही अडलेत: पर्सीव्हेबल, ऑपरेबल, अंडरस्टँडेबल, रोबस्ट. 'पर्सीव्हेबल'चं 'दृश्यमान' झालंय आणि 'रोबस्ट'चं 'मजबूत'.

आडवी रेघ
'दृश्यमान' कृपा करून काढा. ते तत्त्व असं आहे की माहिती एका इंद्रियाला बंद असेल तर दुसऱ्याला मिळाली पाहिजे. चित्राला ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन), व्हिडिओला मथळेपट्टी (बोलणं लिहून दाखवणारी). 'दृश्यमान' लिहून ऑल्ट मजकूर मागणं म्हणजे तत्त्वालाच छेद देणं. आणि निव्वळ शोभेच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवायचा, गाळायचा नाही. गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसतात.

'मजबूत' वाचून लोकांना सर्व्हर आठवतो. इथे अर्थ असा की घटकाचं नाव, भूमिका आणि स्थिती कुठल्याही ब्राउझरला आणि सहायक साधनाला नीट कळावी. जुन्या आवृत्तीत याच तत्त्वाखाली 'टॅग नीट बंद केलेत का' अशीही कसोटी होती. २०२३ च्या २.२ आवृत्तीत ती काढून टाकली. माझ्या मते 'साधनक्षम' अर्थाच्या जास्त जवळ जातं.

जोडाक्षर
पर्सीव्हेबल = इंद्रियगोचर. 'गोचर' म्हणजे आधी गाईंचं चरायचं रान, मग इंद्रियांचा वावर जिथवर चालतो तो प्रदेश. डोळा, कान, बोट, तिन्ही येतात.

कानामात्रा
आणि डिझायनरला ग्रहांचं गोचर आठवेल. मराठीचा स्वतःचा प्रत्यय हाताशी आहे: जोगा. जाणवण्याजोगं, हाताळण्याजोगं, समजण्याजोगं. हवी तर व्युत्पत्तीही देतो: योग्य, प्राकृतात जोग्ग, मग जोगा. चौथ्यासाठी 'साधनक्षम' मान्य.

उंबरठा
+१. 'हाताळण्याजोगं'मध्ये हात आहे, एवढंच खटकतं. डोळ्यांच्या हालचालींनी किंवा एकाच स्विचने चालवणारेही असतात. 'चालवण्याजोगं' बरं.

काकपद
हे तीन घेतले. आता 'कॉन्ट्रास्ट'. यांत्रिक भाषांतराने सगळीकडे 'विरोधाभास' टाकलंय. 'मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ विरोधाभास असावा' असं वाक्य छापायला धजावत नाही.

उंबरठा
उठाव! 'अक्षरांना उठाव नाही' हे मराठी माणूस आपणहून म्हणतो. 'उठाव-गुणोत्तर ४.५:१'.

कानामात्रा
१८५७ चा उठाव आठवेल असं आता मी म्हणत नाही. संदर्भाने अर्थ स्वच्छ होतो. चांगला शब्द.

आडवी रेघ
शब्द उत्तम, पण सोबत तीन गोष्टी लिहा. एक, ४.५:१ साध्या मजकुराला. १८ पॉइंट किंवा ठळक १४ पॉइंटपासून पुढे ३:१ चालतं. रकान्यांच्या चौकटी आणि अर्थवाही चिन्हांनाही ३:१. दोन, वर पूर्णांकन नाही. पांढऱ्यावर करड्या रंगाचा #७६७६७६ हा ४.५४ देतो आणि उत्तीर्ण होतो, #७७७७७७ हा ४.४८ देतो आणि नापास. डोळ्याला दोन्ही सारखेच. तीन, हे गुणोत्तर फक्त रंगांची दीप्ती मोजतं, अक्षराची जाडी नाही. देवनागरीच्या बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांच्या आतल्या रेघा इतक्या नाजूक होतात की आकडा उत्तीर्ण होऊनही वाचता येत नाही. तिथे आकड्यावर थांबू नका, वजन वाढवा.

जोडाक्षर
अवांतर: देवनागरीचा विषय निघालाय म्हणून. त्याच तत्त्वांत मजकुराच्या मोकळिकीची कसोटी आहे: ओळींची उंची अक्षराच्या १.५ पट, परिच्छेदांतलं अंतर २ पट, अक्षरांमधलं ०.१२ पट, शब्दांमधलं ०.१६ पट. वाचकाने एवढं वाढवलं तरी काही कापलं जाता कामा नये. यातलं अक्षरांमधलं अंतर मराठीला लावलं की शिरोरेघा तुटतात, शब्दाची अक्षरं सुटी होतात. ज्या भाषेच्या लेखनात एखादा गुणधर्म वापरात नाही, तिला तो सोडून बाकीच्यांवर कसोटी पार करायची मुभा आहे. इंग्रजी तपासयादी जशीच्या तशी भाषांतरित केली तर ही मुभा गळून पडते.

उंबरठा
ओळींची उंची मात्र मराठीला जास्तच लागते. १.२ ठेवून बाहेर गेलेला भाग झाकला की वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. 'र्कीं' आणि 'द्धू' टाकून पाहावं, लगेच कळतं.

आणि पानाच्या भाषेचा कोड 'एमआर' आहे ना ते बघा. साच्यातून आलेला 'ईएन' तसाच राहतो, मग इंग्रजी आवाज मराठी मजकुराशी झगडतो. 'एचआय' असेल तर वाचन होतं, पण 'चमचा'तला च हिंदीसारखा येतो.

काकपद
सगळं टिपून घेतलं. पण बटणाचं नाव?

जोडाक्षर
उच्चारनाम. स्क्रीन रीडर जे उच्चारतो ते.

आडवी रेघ
ब्रेल पट्टी उच्चारत नाही, आणि आवाजी आज्ञेत तर माणूस उच्चारतो. बटणावर 'पाठवा' दिसतंय आणि आरिया-लेबलमध्ये (सहायक साधनांसाठी कोडमध्ये दिलेल्या नावात) 'अर्ज सादर करा' आहे. माणूस 'पाठवा' म्हणतो, काहीच घडत नाही. म्हणून दिसणारा मजकूर त्या नावात असायलाच हवा, शक्यतो सुरुवातीला. नाव ठरतं या क्रमाने: आधी आरिया-लेबल्डबाय (दुसऱ्या घटकाचा मजकूर नाव म्हणून घेणारं), मग आरिया-लेबल, मग घटकाचा स्वतःचा मजकूर, लेबल किंवा ऑल्ट, अगदी शेवटी टायटल. वरचं मिळालं की खालचं विचारात घेतलं जात नाही. नावात 'बटण' लिहू नका, भूमिका वेगळी सांगितली जाते. नाहीतर 'पाठवा बटण, बटण' ऐकू येतं.

कानामात्रा
मग 'यंत्रनाम'?

आडवी रेघ
प्रोग्रामर तिथे आयडी घालेल, 'बीटीएन-०३' वगैरे.

उंबरठा
ओळखनाव. बटण दिसत नसेल तरी ज्यावरून ओळखता येतं ते.

जोडाक्षर
'ओळख' म्हटलं की लॉगिन आठवतं. आणि 'ॲक्सेसिबल'चा धागाच तुटतो. 'सुगम-नाम' केलं तर निदान मूळ संज्ञेशी नातं राहील.

कानामात्रा
ते नातं इंग्रजीतल्या शब्दाशी आहे. मराठी वाचकाला त्याचं काय करायचंय? 'सुगम-नाम' वाचून तो पुन्हा नाव सोपंच करेल, म्हणजे पहिल्याच नोंदीतली चूक.

काकपद
तूर्त 'ओळखनाव' लिहून पहिल्या वापराला तळटीप देतो. ॲक्सेसिबिलिटी तशीच ठेवतोय, जोडाक्षर यांची नाराजी पत्करून. आणखी एक अडचण आहे. 'फोकस'ला 'लक्ष' केलंय आणि 'टार्गेट'ला 'लक्ष्य', आणि दोन्ही एकाच पानावर येतात: 'लक्ष्याचा आकार किमान २४ × २४ पिक्सेल असावा' आणि 'लक्ष दिसत राहावे'.

उंबरठा
एका य-काराचा फरक, तोही कानाला जेमतेम कळणारा. हस्तपुस्तिका स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याने काय समजायचं? 'लक्ष्य'च्या जागी 'दाबजागा' करा, फोकस फोकसच राहू द्या.

जोडाक्षर
'दाबजागा'ला हरकत नाही. 'फोकस'ला आहे. 'झोत' का नाही?