गणपतराव देशमुख: 11 विजय, पण सांगोल्याचं पाणी?

माणकाठ: गणपतराव देशमुख (आबासाहेब) शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून 1962 ते 2014 दरम्यान 11 वेळा आमदार झाले. 1972 आणि 1995 ला पराभव, मध्ये 1974 च्या पोटनिवडणुकीत परत. आबासाहेबांच्या साधेपणाबद्दल वाद नाही. पण मंत्रिपद दोनदाच, 1978 आणि 1999 ला. लहान पक्ष न सोडण्याची किंमत तालुक्याने पाण्यात मोजली. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलतात, टप्प्याटप्प्याने चढवतात आणि सांगोला येतो टोकाला. वाटेतल्या कडेगावकडे पतंगराव कदमांसारखे मंत्री, टोकाला विरोधी बाकावरचा आमदार. निधी आधी कुठे जिरणार?

उपसा_आवर्तन: साफ असहमत. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने राज्याला दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 2000 पर्यंत अडवायचं म्हणून 1996 ला कृष्णा खोरे महामंडळ आलं, कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला. तेव्हा आबासाहेब आमदारही नव्हते, 1995 ला 192 मतांनी पडले होते. तरी मागणी जिवंत राहिली ती 1993 पासूनच्या आटपाडीच्या, दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांमुळे. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते तिथे ठाम उभे होते. काँग्रेसमध्ये गेले असते तर स्वतःच्याच सरकारविरुद्ध तेरा दुष्काळी तालुके उठवता आले असते?

टेलचा_शेतकरी: दोघंही बिल विसरताय. उपसा योजनेत पंप बंद तर सगळं बंद. पाणीपट्टी थकली की वीज तुटते, आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबतं. सुरू झालं तरी वर बेकायदा उपसा आणि कालव्यात गाळ, त्यामुळे टेलला, म्हणजे कालव्याच्या टोकाला, पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपतं. शासन 81 टक्के आणि लाभधारक 19 टक्के हे वीजबिलाचं सूत्र आलं, पण 19 टक्के वसूल झाले नाहीत तर पुन्हा तेच. आणि सांगोल्याचं डाळिंब कालव्याची वाट बघत बसलं नाही. 1990 पासून रोजगार हमी योजनेतून (रोहयो) फळबागेला अनुदान मिळालं, ठिबकवर माळरान पिकलं.

माणकाठ: परिषदांचा मुद्दा मान्य. पण दुसरी फळी? 2019 ला आबासाहेब थांबले तेव्हा उमेदवारी नातवाला, अनिकेत देशमुखांना. 768 मतांनी पडले. 2024 ला जिंकले बाबासाहेब, तेही नातूच. कार्यकर्त्यांच्या केडरवर चालणाऱ्या पक्षाला घराबाहेरचा उमेदवार सापडू नये, हे मला जास्त खटकतं.

उपसा_आवर्तन: यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक दुरुस्ती, कारण पुढे कोणीतरी लिहीलच: 11 हा देशातला विक्रम नव्हे. केरळमध्ये के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले.