डिग्री नाही म्हणून पगार कमी: एचआरला काय लिहू?

अर्धविराम:
माझ्या टीममध्ये एकाच लेव्हलचे दोन बॅकएंड प्रोग्रामर आहेत. एकाकडे संगणकशास्त्राची डिग्री, दुसरीने कॉलेज अर्धवट सोडलेलं. एचआरच्या पगारवाढीच्या तक्त्यात 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना आहे आणि केवळ त्यामुळे ती खालच्या श्रेणीत बसते.

काम म्हणाल तर, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की खात्यातली शिल्लक चुकायची. एका रिक्वेस्टने लिहिलेलं दुसरी पुसून टाकायची. लॉगमध्ये सगळं आलबेल. बिनडिग्रीवालीने ते हुडकलं, रो लॉक (ती नोंद एका वेळी एकालाच बदलू देणारं कुलूप) घातला आणि तीच गडबड हुकमी घडवून दाखवणारी टेस्टही लिहिली. डिग्रीवाला मुलगाही चांगलाच आहे, तक्रार नाही. पण जास्तीचा पगार कशाबद्दल? उत्तर एकच: 'पॉलिसी आहे.' मला लेखी मत द्यायचंय. मुद्दे सुचवा.

बायनरी_बाबा:
डिग्रीला अगदीच मोडीत काढू नका. लूपमध्ये लूप लिहिलं की १०० नोंदींवर १०,००० तुलना होतात, कुणाला पत्ताही लागत नाही. नोंदी १ लाख झाल्या की त्याच तुलना १,००० कोटी. हे ज्याला शिकवलेलं असतं तो आधीच हॅश टेबल (सगळं न चाळता नोंद थेट शोधून देणारी रचना) वापरतो.

जुना_कीबोर्ड:
बाबा, मुद्दा बरोबर, पण तो भरतीपुरता. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं: उमेदवाराची कुवत आधी दिसत नाही, म्हणून मालक डिग्रीसारख्या खुणेवर भागवतो. फ्रेशरच्या बाबतीत मीही बघतो, बघायला दुसरं असतं काय? पण हिचं काम रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या कोडच्या साठ्यात, पडलंय. कमिट (तिने केलेल्या बदलांच्या नोंदी) वाचा की!

एचआरला आकडे आवडतात, तर हे द्या. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये जुनी संशोधनं एकत्र करून पाहिली. पुढच्या कामगिरीशी कामाच्या नमुन्याचा (म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या चाचणीचा) संबंध ०.५४ (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण), शिक्षणाच्या वर्षांचा ०.१०. हे सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांचे आकडे, नुसत्या प्रोग्रामरचे नव्हेत, हेही लिहा. आणि २०२२ मध्ये सॅकेट व सहकाऱ्यांनी फेरहिशेब केला तेव्हा कामाचा नमुना ०.३३ वर आला आणि साचेबद्ध मुलाखत (सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न) ०.४२ वर, सगळ्यात पुढे. हे आपणच सांगितलेलं बरं, नाहीतर समोरचा शोधून तोंडावर मारतो.

आता नमुना म्हणजे शनिवार-रविवार खाणारा 'छोटासा' प्रोजेक्ट नव्हे. असले प्रोजेक्ट देणारे माझ्या फार डोक्यात जातात. ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, तो तिथेच बाद. मी उमेदवाराला बिघडलेला छोटा प्रोग्राम देतो आणि तासभर शेजारी बसतो. दशांशातले पैसे फ्लोटमध्ये (आकडा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवलेत हे कुणाच्या आधी लक्षात येतं, कोण आधी टेस्ट चालवून बघतं, कोण न वाचताच सगळं नव्याने लिहू या म्हणतं, सगळं दिसतं. बाबांचं लूपही त्यात असतं. डिग्रीवाले त्यात अडकतात आणि बिनडिग्रीचे सुटतात, असंही होतं; उलटंही होतं.

लेखी मतात एवढंच विचारा: या लेव्हलच्या वर्णनातलं नेमकं कोणतं काम डिग्रीशिवाय होत नाही? 'अल्गोरिदम' म्हणाले तर दोघांनाही एकच प्रश्न द्या.

नल_पॉइंटर:
ते व्हिसाचं कारण पुढे करतील, तयारी ठेवा. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्याइतकी पात्रता लागते हे खरं. पण अनुभव मोजण्याचा एक मार्ग तिथेही आहे, कामाची ३ वर्षं म्हणजे कॉलेजचं १ वर्ष. शिवाय ज्याला परदेशी पाठवायचं त्याच्यापुरता तो प्रश्न. त्यासाठी सगळ्यांच्या तक्त्यात रकाना कशाला?

बायनरी_बाबा:
पटतंय थोडंफार. पण समान करायच्या नावाखाली त्या पोराचा पगार खाली ओढू नका म्हणजे झालं.

अर्धविराम:
छे, तिचाच वर आणायचाय. कीबोर्डराव, तुमचा प्रश्न जसाच्या तसा घालतो, आणि सोबत तिची ती टेस्ट.