गावाच्या मालकीचं वायरलेस इंटरनेट : सल्ला हवा आहे

सडेकर
नमस्कार मंडळी. देवरुखच्या बाजारात फायबर आलंय, पण आमच्या वाड्या डोंगराआड. रेंज मिळते ती गोठ्यामागच्या आंब्याखाली. केबलवाल्यांना विचारलं तर म्हणाले, एवढ्या घरांसाठी केबल ओढणं परवडत नाही. पावसाळ्यात झाड पडून ती तुटणार ते वेगळंच.

डोक्यात आहे ते असं : बाजारातल्या एखाद्या गच्चीवर कनेक्शन घ्यायचं, तिथून डिशने वाड्यांवर न्यायचं आणि सगळं सामान गावाच्या मालकीचं ठेवायचं. मुंबईकर मंडळी वर्गणी द्यायला तयार आहेत. परवाना लागतो का? सामान कुठलं घ्यावं? संस्था कोणती काढावी? यूट्यूब बघून झालंय, प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती.

गच्चीवरचा
उपग्रहाचं इंटरनेट येतंय की! कशाला डिश-खांबांच्या भानगडीत पडताय?

सडेकर
येईल तेव्हा घेऊ. पोरांच्या परीक्षा मात्र यंदाच आहेत.

तारायंत्र
आधी परवान्याचं बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. रेडिओलहरींसाठी परवाना लागत नाही. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ पासून बाहेर वापरायलाही मोकळे आहेत. ताकदीची मर्यादा पाळायची आणि उपकरण मान्यताप्राप्त असायला हवं, एवढंच.

पण एक कनेक्शन घेऊन ते घरोघरी पैसे घेऊन वाटणं म्हणजे इंटरनेट विकणं, आणि त्याला परवाना लागतो. सोसायटीचं किंवा गावाचं म्हणून सूट नाही. घरगुती प्लॅन असा वाटला तर कंपनी कनेक्शन तोडू शकते.

पीएम-वाणी, म्हणजे सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना, ही वाट सोपी आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. त्यात तुमची संस्था, बचत गट किंवा साधा किराणा दुकानदार पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे वाय-फाय विकणारं केंद्र) होऊ शकतो, त्याला परवाना किंवा शुल्क काही नाही. लॉगिन आणि हिशेब अनेक पीडीओंना जोडणारी वरची कंपनी, अ‍ॅग्रिगेटर, सांभाळते. पूर्वी पीडीओला महागडी लीज लाइन (स्वतंत्र व्यावसायिक जोडणी) घ्यायला लावायचे. २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनसाठी घरगुती दराच्या दुप्पट ही कमाल मर्यादा घातली. मात्र ही योजना एसटी स्टँड, बाजार, शाळेचं आवार अशा जागांसाठी बरी. घराघरात राउटर हवा असेल तर मला ती अपुरी वाटते.

नाकाडोळा
+१. घरांसाठी तुमच्या केबलवाल्यालाच सोबत घ्या. जागा, खांब, डिश, बॅटऱ्या गावाच्या. परवाना, बिलं आणि ग्राहकांच्या नोंदी त्याच्या. त्याचा नकार केबलच्या खर्चाला आहे, तुमच्या घरांना नाही. करार लेखी करा आणि त्यात लिहा की पटलं नाही तर दुसरा सेवादार आणू, सामान हलणार नाही.

स्पेनमध्ये कॅटलोनियात २००४ पासून गुइफी नावाचं जाळं असंच उभं राहिलं. जाळं सामायिक, त्यावर सेवा विकणारे अनेक, आणि प्रत्येकाने आपल्या वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलायचा. स्थानिक धंदेवाल्यांना बाहेर ठेवलं असतं तर ते एवढं वाढलं नसतं असं माझं मत.

टॉवरमामा
सामानाबद्दल. ब्रँडवर वेळ घालवू नका, आधी रेषा बघा. बाजारातल्या गच्चीवरून वाडीवरची गच्ची नुसती दिसून भागत नाही. पाच किलोमीटरच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मधोमध लहर रेषेभोवती साधारण आठ मीटर त्रिज्येत पसरते, त्यातली ६० टक्के त्रिज्या तरी मोकळी हवी. म्हणजे झाडाचा शेंडा रेषेच्या पाच मीटर खाली. पाहणी पावसाळ्यातच करा. मे महिन्यात जुळवलेली लिंक पालवी दाटली की बंद पडते. पावसाला घाबरू नका, एवढ्या अंतरावर ५ गिगाहर्ट्झला सरींचा फारसा त्रास नाही, ओल्या पानांचा आहे. ६० गिगाहर्ट्झची वेगवान डिश कोणी गळ्यात मारली तर कोकणात घेऊ नका, तिला मात्र पाऊस अडवतो.

बजेटमध्ये हे विसरतात : अर्थिंग, सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) आणि वांदर. मळभ आलं, गडगडायला लागलं की पहिलं पोर्ट जातं ते डिशचं. आणि केबल जीआय पाइपातूनच न्या, नाहीतर वांदर तिला झोका करतात. वीज जाते म्हणून अडू नका, डिश जेमतेम दहा वॅट खाते, १२ व्होल्टची बॅटरी रात्र काढते.

सडेकर
मामा, पंचाईत आहे. बाजार आणि वरची वाडी यांच्या मधोमध देवराई. तिथली फांदी तोडायचं नाव काढलं तर गावकी जाळ्याचं नावच टाकेल.

टॉवरमामा
तोडू नका. तिसऱ्या एखाद्या वाडीवरून वळसा घाला, एक डिशजोडी वाढेल इतकंच. नेपाळात महाबीर पुन यांनी नांगी गावापर्यंत असेच टप्पे घेतले होते, सुरुवातीला तर उंच झाडांवरच अँटेना बांधून. त्यांना २००७ चा मॅगसेसे मिळाला. पालघरला आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून झाडोऱ्यापलीकडे सिग्नल नेऊन दाखवलाय, पण तो पट्टा आपल्याकडे सर्वांना खुला नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

हिशेबनीस
संस्थेबद्दल कोणीच लिहिलं नाही. सहकारी संस्थेला किमान दहा जण लागतात, प्रत्येक जण वेगळ्या कुटुंबातला. पण त्याआधी मासिक वर्गणीचं ठरवा. मुंबईकरांचा पैसा गणपतीत येतो, इंटरनेटचं बिल दर महिन्याला. त्यांची वर्गणी सामानाला वापरा, चालू खर्च वापरणाऱ्यांकडूनच घ्या, अगदी सरपंचांकडूनही. आणि नळपाणी योजनेचा पंप कोण चालू करणार हे ठरलेलं असतं, तसा इथेही पगारी माणूस हवा. फुकट काम करणारा उत्साही पोरगा नोकरीला पुण्याला जातो.

सडेकर
पोरगा आताच पुण्याला आहे! ठीक, या रविवारी तिसऱ्या वाडीवरच्या शाळेच्या गच्चीवर चढतो. मामा, तिथून बाजार दिसला तर फोटो टाकू की अक्षांश-रेखांश?

टॉवरमामा
दोन्ही टाका, आणि गच्चीची उंची. फोटो झूम न करता.