'लेम डक'ला मराठीत काय म्हणावं?

ठाकुरद्वार: दादरच्या एका वक्तृत्व वर्गासाठी ओबामांच्या निरोपाच्या भाषणाचं (शिकागो, १० जानेवारी २०१७) मराठी करतोय. सुरुवातीलाच अडलंय. टाळ्या थांबेनात, तेव्हा ते म्हणतात, मी लेम डक (मुदत संपत आलेला, वचक उरला नसलेला सत्ताधारी) झालोय हे दिसतंच आहे, कुणी सांगितलेलं ऐकत नाही. 'लंगडं बदक' लिहिलं तर पोरं भलत्याच कारणाने हसतील. 'औट घटकेचा राजा' चालेल?

काना-मात्रा: नाही. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं. राज्यच मुळात अल्पायुषी हवं. वाजपेयींचं १९९६ चं तेरा दिवसांचं सरकार औट घटकेचं. ओबामा आठ वर्षं होते. लेम डकची खुर्ची शाबूत असते, वचक गेलेला असतो.

फोर्ट-फाउंटन: मूळ शब्द शेअरबाजारातला. अठराव्या शतकात लंडनच्या बाजारात देणी न फेडणाऱ्याला म्हणायचे. तसाच ठेवा. व्हिप, कोरम चालतात, मग बदकाचंच वावडं का?

काना-मात्रा: अग्रलेखात ठेवा की! व्यासपीठावर विनोद समजावून सांगावा लागला की मेला. तिथे गर्दीला न दटावता बसवायचंय, म्हणून स्वतःलाच चिमटा काढलाय. 'निघालेल्या माणसाचं कोण ऐकतंय!' एवढं पुरे.

शीव-कोळीवाडा: बदकापेक्षा अवघड जागा पुढे आहे. 'मी तुम्हाला म्हटलं असतं, की...' हे पालुपद चार वेळा येतं, पहिल्यांदा 'आठ वर्षांपूर्वी' जोडून. मंदी, वाहन उद्योग, क्यूबा, इराण, दोन कोटी लोकांना आरोग्यविमा अशी चढण बांधत नेतात आणि वर पोचल्यावर श्रेय सोडून देतात: हे आपण केलं, हे तुम्ही केलंत. मराठीत इथे दोन खड्डे. 'की' गाळून '...असं म्हटलं असतं तर' केलंत, की पालुपद शेपटाला जातं आणि चढण मोडते. दुसरं, श्रोत्यांना आदराने 'आपण' म्हणत आला असाल, तर 'आपण'वरून 'तुम्ही'वर उडी मारताच येत नाही, दोन्ही एकच. म्हणून पहिल्या वाक्यापासून श्रोते 'तुम्ही', आणि 'आपण' फक्त सगळे मिळून. शेवटी शब्दक्रम उलटा: 'हे आपण केलं. (थांबा.) हे केलंत तुम्ही.'

फोर्ट-फाउंटन: पालुपद कसं? ते कडव्याच्या शेवटी येतं. हे वाक्याच्या तोंडाशी आहे. आद्यावृत्ती म्हणा.

शीव-कोळीवाडा: आद्यावृत्ती म्हणजे पुस्तकाची पहिली छपाई वाटते. बोलताना 'तेच ते पालुपद' म्हणतो तेव्हा कुणी कडवी मोजतं का?

काना-मात्रा: आणि ते 'निरोपाचं' भाषण राहू द्या, 'समारोपाचं' करू नका. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा. जाणारा निरोप घेतो, राहणारा देतो. राष्ट्राध्यक्ष लोकांकडे जाण्याची परवानगी मागतो, हाही वक्तृत्वाचाच डाव.

फोर्ट-फाउंटन: डाव कसला? तिथे मुदत संविधानानेच संपते, परवानगी कोण देणार? व्युत्पत्तीवरून वक्त्याचा हेतू काढू नका.

काना-मात्रा: मुदत संपते म्हणूनच तर मागणं फुकट पडतं, आणि शोभतं!