मदत हवी आहे: फ्लेवर्ड चहांची घरच्या घरी तुलना कशी करता?

अर्ल ग्रे, जास्मिन ग्रीन आणि दालचिनीचा काळा चहा शेजारी शेजारी ठेवून चाखतोय, अर्थातच दूध-साखरेशिवाय. आयएसओ ३१०३ या चाखण्यासाठी चहा बनवायच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं माप आहे. काळ्या चहाला ते चालून जातं, पण जास्मिन पार कडूजहर होतो. त्याला ८० अंशांचं पाणी आणि दोन-तीन मिनिटंच मानवतात. मग सगळ्यांना एकच माप लावायचं की ज्याचं त्याला?

शिवाय दालचिनी एकदा जिभेवर बसली की पुढच्या कपातल्या अर्ल ग्रेमधल्या बर्गमॉटचा (लिंबाच्या जातीचं सुगंधी फळ) वास लागतच नाही. तुम्ही क्रम कसा लावता? मध्ये कोमट पाणी पुरतं का?