मदत हवी आहे: परसातली चिकणमाती मे उजाडला तरी ओलीच (वायव्य ओहायो)

नमस्कार मंडळी,

शेती-बागकामातल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण जमीन कशी आहे ते कळल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

आम्ही टोलीडोच्या दक्षिणेला, वुड काउंटीत घर घेतलंय. मागे अर्ध्या एकराचं परस आहे. माझं माहेर परभणीकडचं आणि शेती सगळी काळ्या रानातली, त्यामुळे भारी जमीन मला नवी नाही. इथली माती मात्र वेगळीच वागते. मार्चमध्ये बर्फ वितळला की हिरवळीवर पाणी साचतं ते मे उजाडला तरी हटत नाही. गवत कापायचं यंत्र घातलं की चाकं रुततात. बिल्डरने लावलेला मेपल मागच्या उन्हाळ्यात वाळून गेला. उपटला तर मुळं काळी पडून कुजलेली होती.

वाचून कळलं ते असं: सुमारे १४,००० वर्षांपूर्वी हिमनदी मागे सरकताना तिच्या पुढ्यात मोठं सरोवर साचलं होतं, त्याला मॉमी सरोवर म्हणतात. आमचं घर त्याच्या तळावर आहे. सरोवर ओसरल्यावर इथे 'ग्रेट ब्लॅक स्वॉम्प' नावाची दलदल झाली, साधारण ६५ किलोमीटर रुंद आणि १९० किलोमीटर लांब. १८५९ मध्ये ओहायोत चरांचा कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत शेतकऱ्यांनी चर खणून, भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरून ही दलदल कोरडी केली. अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा नकाशावर आमची जागा 'हॉइटव्हिल' प्रकारात येते. पुढे शेरा आहे: निचरा अत्यंत कमी.

कुदळीने खणून पाहिलं. वरची वीतभर माती काळपट आणि बरी आहे. त्याखाली राखाडी थर लागतो, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. ही माती कुदळीच्या पात्याला चिकटून गुळगुळीत कापांनी निघते. चिमटीत दाबत पुढे ढकलली तर पट्टी बोटाएवढी लांब होईपर्यंत तुटत नाही. खड्डा करून पाणी भरलं, ते जिरल्यावर पुन्हा भरलं, तर रात्रभरात दोन बोटंही उतरलं नाही.

आणखी एक गोष्ट. कुंपणाच्या कोपऱ्यापासून घराकडे तिरपा असा एक पट्टा आहे, तो बाकी परसापेक्षा कायम जास्त ओला असतो. उतार कुठेच नाही, मग तिथेच का, ते कळत नाही.

भेंडी, वांगी, गवार, मेथी आणि दोन-चार फळझाडं लावायची आहेत. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका, शेजारचे आजोबा म्हणतात वाळू मिसळा, ठेकेदार सगळ्या परसात सच्छिद्र पाइप टाकायचा म्हणतो आणि त्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. शिवाय इथलं पाणी चरातून मॉमी नदीत आणि तिथून ईरी सरोवरात जातं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे टोलीडोत लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. माझ्या भाजीसाठी त्यात भर पडू नये असं मनापासून वाटतं.

काय करावं?

— परसदार

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ताई, आमच्या सांगली भागात चिबड, म्हणजे पाणी साचून बिघडलेल्या जमिनीत हेच करतात. आधी सच्छिद्र पाइप टाकून निचरा, मग जिप्सम आणि हिरवळीचं खत. पडीक पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला मी पाहिलाय. माझ्या मते जिप्सम टाकाच, नुकसान काही नाही.

प्रतिसाद: वाफसा

परसदार ताई, तुम्ही इतकं नीट निरीक्षण केलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. मी मृदाशास्त्रातला आहे आणि बरीच वर्षं नॉर्थ डाकोटातल्या फार्गोला, म्हणजे अशाच एका सरोवराच्या तळावर काढली आहेत. त्या सरोवराचं नाव अगासीझ.

आधी जिप्समचं. कृष्णाकाठ यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांच्या जमिनीचा आहे. पाटाच्या पाण्याने बिघडलेल्या चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याला हटवतो आणि मग निचऱ्याच्या पाण्यातून सोडियम बाहेर जातो. वुड काउंटीच्या मातीत हटवण्याजोगा सोडियमच नाही, आणि खालच्या थरात चुना आधीच भरपूर आहे. जिप्समवर पैसे घालू नका. वाळू तर अजिबात नको. परसाभर मातीचा पोत बदलायला जेवढी वाळू लागेल तेवढी कुणी आणू शकत नाही, आणि थोडी घातली तर माती आणखी घट्ट बसते.

तुमच्या माहेरच्या मातीशी तुलना करावीशी वाटते, कारण फरक तिथेच आहे. परभणीच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट खनिज असतं. ओल मिळाली की ती फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते आणि रान दरवर्षी स्वतःच स्वतःला उलथतं. गंमत म्हणजे फार्गोची मातीसुद्धा त्याच वर्गातली आहे, व्हर्टिसॉल. तुमच्या हॉइटव्हिलमध्ये मात्र इलाइट हे खनिज जास्त. ते फारसं फुगत नाही, आकसतही नाही. त्यामुळे एकदा घडण मोडली, मग ती बिल्डरच्या यंत्राखाली असो की ओल्यात चालवलेल्या टिलरखाली, ती सावरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून इथे कुठल्याही खतापेक्षा वाफसा, म्हणजे ओल उतरून माती कामाजोगी होण्याची वेळ, सांभाळणं मोठं. चार-सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा, अंगठ्याने टोचा. फुटला तर कामाला लागा. नुसता दबला तर त्या मातीवर पायसुद्धा देऊ नका.

राखाडी रंग आणि तांबूस ठिपके यांचा अर्थ असा. माती महिनोन्‌महिने पाण्याने भरलेली असली की आत हवा राहत नाही, लोह विरघळून हलतं आणि माती फिकी पडते. जिथे मुळाच्या किंवा गांडुळाच्या वाटेने हवा शिरते तिथे ते पुन्हा गंजतं. म्हणजे राखाडी थर जिथे सुरू होतो तिथवर दरवर्षी पाणी चढतं असं समजायला हरकत नाही. तुमच्या मेपलची मुळं त्याच पाण्यात गेली. झाडासाठी खोल खड्डा खणून त्यात छान माती भरणं इथे घातक आहे, भोवतीचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन थांबतं आणि झाड हौदात उभं राहतं.

आता तो तिरपा पट्टा. मला दाट शंका आहे की तिथे जुन्या शेताची मातीची नळी आहे आणि घर बांधताना ती फुटली. वस्ती होण्याआधी ही सगळी शेतंच होती आणि नळ्या अजून जमिनीत आहेत. वरच्या बाजूचं पाणी नळीतून येतं आणि फुटलेल्या जागी वर उफाळतं. आधी ८११ ला, म्हणजे खणण्याआधी कळवायच्या क्रमांकावर, फोन करा. खणण्याआधी निदान ४८ तास कळवावं लागतं, शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. ते जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा फुकट करून देतात. मग पट्ट्याला आडवा, हाताने चर घ्या. नळी दोन-तीन फुटांवर लागावी. सापडली तर दोन्ही तोंडांत बादलीभर पाणी ओतून बघा, कुठली बाजू ओढून घेते.

अख्ख्या परसात पाइप टाकायचा निर्णय त्यानंतर. भाजीसाठी मी तरी गादीवाफेच करेन, फूटभर उंच, आणि ते ऑक्टोबरमध्ये माती कोरडी असताना. वसंतात करायला जाल तर वाफसा येईपर्यंत हंगाम निघून जातो. फळझाडं उंचवट्यावर लावा. नाशपाती भारी ओल्या जमिनीत बऱ्यापैकी तग धरते, पीच आणि चेरी नाही. सावलीसाठी मेपलच्या जागी स्वॉम्प व्हाइट ओक लावा, तो या दलदलीचाच रहिवासी आहे.

सरोवराची काळजी तुम्ही घेताय याचं बरं वाटलं. शेवाळाला खाद्य मिळतं ते मुख्यतः फॉस्फरसचं, आणि विरघळलेला फॉस्फरस नळ्यांतूनही वाहतो. तेव्हा आधी माती तपासून घ्या. अहवालात फॉस्फरस पुरेसा निघाला तर फॉस्फरसयुक्त खत टाकूच नका. कंपोस्टमध्येही तो असतो, म्हणून तेही बेताने.

प्रतिसाद: टोलीडोकर

वाफसा यांना पूर्ण अनुमोदन. एकच भर: तळघरात साचणारं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचं पाणी कुठे सोडलंय ते पाहा. आमच्याकडे ते भिंतीपासून चार हातांवरच पडत होतं आणि तिथूनच पुन्हा आत झिरपत होतं. आणि ते किंवा नळीचं पाणी सांडपाण्याच्या गटाराला जोडू नका, तशी परवानगी नसते.

प्रतिसाद: परसदार

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण खुणा होईपर्यंत आणि माती धड होईपर्यंत थांबायचं होतं.

नळी सापडली! अडीच फुटांवर, विटकरी रंगाची, फूटभर लांबीचे तुकडे एकापुढे एक ठेवलेले. दोन तुकडे चिरडलेले होते आणि आत निळसर राखाडी गाळ, केसांसारख्या बारीक मुळ्यांनी गच्च भरलेला. तो काढल्याबरोबर कुंपणाच्या बाजूने पाणी यायला लागलं आणि चर घोट्यापर्यंत भरला. दुसऱ्या तोंडात बादली ओतली तर त्याने सगळं पाणी ओढून घेतलं. म्हणजे पुढची वाट मोकळी आहे ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने मांडलेली नळी अजून काम करतेय हे बघून मला भरून आलं.

आता मधला तुकडा कसा जोडू? आणि ती पुढे कुठे उघडते ते कसं कळेल?

प्रतिसाद: वाफसा

फार छान. पुढची बाजू पाणी घेतेय म्हणजे बहुधा मोकळी आहे. तरी बागेची नळी बराच वेळ सोडून ठेवा, तुंबत नाही ना ते बघा. जुन्या नळीच्या आतल्या व्यासाएवढा प्लास्टिकचा पाइप घ्या, दोन्ही टोकांना सांधे येतात ते वापरा. खालची माती नीट ठोकून समतल करा, नाहीतर मधे झोळ पडून तिथेच पुन्हा गाळ बसेल. भरताना काळी माती शेवटी, वर येऊ द्या.

तोंड कुठे उघडतं ते काउंटीच्या मृदा व जलसंधारण कार्यालयात विचारा, चरांचे नकाशे त्यांच्याकडे मिळण्याची शक्यता जास्त. पुढे शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर त्यांच्या कानावर घाला. चरातलं तोंड सापडलं तर त्याला जाळी बसवा, प्राणी आत शिरून मरतात आणि नळी तुंबते. विलो आणि सिल्व्हर मेपल त्या ओळीच्या जवळपास लावू नका.

पुढच्या एप्रिलमध्ये पट्टा कसा आहे ते इथेच कळवा. गादीवाफे किती आणि कुठे घ्यायचे ते त्यावरून ठरवता येईल.